बाहेरचा प्रोग्रॅम चालवला की ॲप गोठतं, आणि दुरुस्त केल्यावर पुन्हा गोठतं

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "बटण दाबलं की ॲप हँग होतं." त्या बटणामागे बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चालवायचा असतो. व्हिडिओ बदलायला एफएफएमपेग, कोड ओढायला गिट, कधी पीडीएफ बनवणारी एखादी कमांड. प्रोग्रॅम आपलं काम चोख करतो, पण तोवर विंडो मेल्यासारखी पडून राहते. विंडोजवर एखाद्या विंडोने पाच सेकंद एकही मेसेज उचलला नाही, की सिस्टम तिला ‘प्रतिसाद देत नाही’ असं ठरवून तिच्या जागी फिकट पडलेली नक्कल उभी करते. मॅकवर रंगीत चकरी फिरते. लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवर ‘थांबायचं की बंद करायचं’ असं विचारणारी चौकट येते.

पहिली दुरुस्ती जवळजवळ सगळे सारखीच करतात: तो कॉल उचलून वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे त्याच ॲपच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यात, टाकतात. विंडो हलायला लागते, तक्रार मिटते. काही आठवड्यांनी दुसरी येते, की विंडो ठीक आहे पण मोठी फाइल दिली तर काम मध्येच थांबतं आणि कधीच संपत नाही. मग तिसरी: ‘रद्द करा’ दाबलं तरी मागे काहीतरी चालूच राहतं. मग आणखी एक: टक्केवारी शून्यावर बसून राहते आणि एकदम शंभरावर उडी मारते. वापरणाऱ्याच्या भाषेत हे सगळं ‘हँग’च, पण कारणं निरनिराळी. थ्रेड हा त्यातल्या एकाच दुखण्यावरचा उपाय आहे, आणि तिथेही बऱ्याचदा त्याची गरज नसते. कोण कोणासाठी थांबलंय हे कळेपर्यंत कोडला हात लावू नये.

आधी बघा

ॲप अडकलं की लगेच बंद करू नका. अडकलेली अवस्था हाच पुरावा आहे. टास्क मॅनेजर, ॲक्टिव्हिटी मॉनिटर किंवा पीएस कमांड उघडा आणि बाहेरचा प्रोग्रॅम, म्हणजे चाइल्ड प्रोसेस, शोधा.

ती प्रोसेस सीपीयू खात असेल आणि विंडो मेलेली असेल, तर तुमचा मुख्य, विंडो सांभाळणारा थ्रेड तिच्या संपण्याची वाट बघत बसलाय. हे सगळ्यात सोपं प्रकरण. ती जिवंत आहे पण सीपीयू शून्य आणि बराच वेळ शून्यच असेल, तर उलट ती कशाची तरी वाट बघतेय, आणि बहुतेक वेळा तुमचीच. ती यादीत नाहीच, संपून गेलीय, तरी ॲप ‘चालू आहे’ म्हणतंय, तर एक तर संपल्याची खबर तुमच्यापर्यंत पोचली नाही, किंवा तिने मागे सोडलेलं एखादं पोर (तिने सुरू केलेली प्रोसेस) पाइप, म्हणजे आउटपुट तुमच्यापर्यंत आणणारी नळी, धरून बसलंय.

मधल्या प्रकरणात आणखी एक पाऊल जवळ जाऊन बघता येतं. लिनक्सवर एसट्रेस त्या प्रोसेसला जोडा. प्रोसेस सिस्टमकडे काय मागतेय (सिस्टम कॉल) ते ही कमांड दाखवते. जोडल्या जोडल्या ती ज्या सिस्टम कॉलमध्ये अडकली आहे तो अर्धवट छापला जातो. तिथे ‘राइट’ दिसलं आणि कंसातला पहिला आकडा १ किंवा २ असेल, तर ती स्टँडर्ड आउटपुटवर किंवा एररवर (प्रोग्रॅमची नेहमीचा मजकूर आणि इशारे बाहेर टाकण्याची दोन ठिकाणं) लिहायला बघतेय आणि पलीकडे वाचणारं कोणी नाही. ‘रीड’ आणि आकडा ० असेल, तर ती इनपुट मागतेय. एवढ्या एका ओळीत अर्ध्याहून जास्त निदान होतं. उबंटूवर हे चालवताना परवानगी नाकारली गेली तर गोंधळू नका. तिथे सुरक्षेपोटी, स्वतः सुरू न केलेल्या प्रोसेसला असं जोडायला सुडो, म्हणजे ॲडमिनचा अधिकार, लागतं.

विंडोजवर प्रोसेस एक्सप्लोररमध्ये थ्रेडचा स्टॅक उघडला की राइटफाइल किंवा रीडफाइल वाचता येतं. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटरमधून ‘सॅम्पल’ घ्या. तुमच्या स्वतःच्या ॲपची बाजू बघायची तर पायथनसाठी पाय-स्पाय आणि जावासाठी जेस्टॅक आहे. दोन्ही चालू प्रोसेसमधल्या प्रत्येक थ्रेडची सध्याची ओळ दाखवतात.

मुख्य थ्रेड थांबलाय

डेस्कटॉप ॲपचा जीव इव्हेंट लूपमध्ये असतो. माउस, कीबोर्ड, पुन्हा रंगवणं, टायमर, सगळं एकाच थ्रेडवर एकामागून एक चालतं. तुमच्या बटणाचं फंक्शन परत येईपर्यंत पुढचं काहीही उचललं जात नाही. म्हणून त्या फंक्शनात ‘संपेपर्यंत थांब’ अशा अर्थाचं काहीही नको: पायथनचं सबप्रोसेस-रन, जीलिबचं स्पॉन-सिंक, नोडचं एक्झेक-सिंक, डॉटनेटचं वेट-फॉर-एक्झिट, जावाचं वेट-फॉर.

क्यूटी या विंडो बनवण्याच्या टूलकिटमधलं वेट-फॉर-फिनिश्ड यात जरा जास्त फसवं आहे. त्याची मूळ मुदत ३०,००० मिलिसेकंद. म्हणजे विंडो अर्धा मिनिट गोठते आणि मग फंक्शन ‘फॉल्स’ देऊन परत येतं. चाइल्ड मात्र चालूच असते. परत आलेली किंमत कोणी तपासत नाही, पुढचं कोड अर्धवट तयार झालेली फाइल उघडतं आणि तिसऱ्याच ठिकाणी ‘फाइल खराब आहे’ असा एरर येतो. लहान फाइलवर सगळं बरोबर, मोठीवर खराब, असं लक्षण दिसलं तर आधी इथे बघा.

बाहेरचा प्रोग्रॅम मुळातच वेगळ्या प्रोसेसमध्ये, तुमच्या समांतर चालत असतो. त्याला चालवायला थ्रेड लागत नाही. चुकीच्या जागी बसलेली असते ती फक्त वाट बघण्याची क्रिया. बहुतेक टूलकिटांमध्ये ती सोय तयार आहे. क्यूटीत क्यूप्रोसेसचं ‘स्टार्ट’ लगेच परत येतं आणि संपल्यावर ‘फिनिश्ड’ सिग्नल येतो. जीटीकेसाठी जीलिब २.४० पासून जीसबप्रोसेस आहे, त्यातली ‘असिंक’ नावाची, म्हणजे न थांबता लगेच परत येणारी, रूपं वापरा. डॉटनेट ५ पासून वेट-फॉर-एक्झिट-असिंक, जावा ९ पासून ऑन-एक्झिट, नोडमध्ये स्पॉन. यातलं एक निवडलं की कोड लहान होतं, आणि थ्रेडमुळे येणारे लॉकचे झमेले येतच नाहीत.

पायथनचं टीकेइंटर टूलकिट वापरणाऱ्यांना अशी तयार सोय नाही. तिथे पॉपेनने प्रोग्रॅम सुरू करून द्या, एका थ्रेडला फक्त आउटपुट वाचून क्यूमध्ये टाकायचं काम द्या, आणि मुख्य थ्रेडवर ‘आफ्टर’ लावून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू रिकामी करा. त्या थ्रेडमधून लेबल किंवा प्रोग्रेस बारला परस्पर हात लावायचा नाही. कधी चालतं, कधी कोसळतं, आणि कोसळतं तेही दुसऱ्याच्या मशीनवर.

एक ‘झटपट’ उपाय सगळीकडे सुचवला जातो: वाट बघण्याच्या लूपमध्ये मधून मधून क्यूटीचं प्रोसेस-इव्हेंट्स किंवा विंडोज फॉर्म्सचं डू-इव्हेंट्स बोलवा. माझं मत स्पष्ट आहे, हे करू नका. विंडो हलते खरी, पण तुमचं फंक्शन अजून संपलेलं नसताना वापरणारा तेच बटण पुन्हा दाबू शकतो, विंडो बंदही करू शकतो. मग आतला लूप नष्ट झालेल्या वस्तूंवर चालत राहतो. गोठण्याच्या जागी क्रॅश आला, एवढाच फरक.

असिंक केलं, तरी नीट नाही

क्यूप्रोसेस फंक्शनातच लोकल व्हेरिएबल म्हणून बनवला, तर फंक्शन संपताना तो नष्ट होतो आणि जाता जाता चालू चाइल्डलाही मारतो. टर्मिनलवर ‘प्रोसेस चालू असतानाच नष्ट केला’ अशा अर्थाची सूचना येते, पण आयकॉनवरून चालवलेल्या ॲपचं टर्मिनल बघतो कोण? लक्षण असं दिसतं की काम सुरू होतं आणि काहीच न होता थांबतं. पायथनमधून क्यूटी वापरतानाही तेच होतं: सेल्फवर न ठेवलेला ऑब्जेक्ट गार्बेज कलेक्टर उचलून नेतो. प्रोसेसचा ऑब्जेक्ट विंडोइतका किंवा त्याहून जास्त जगेल अशा जागी ठेवा.

दुसरी गोष्ट, प्रोग्रॅम सुरूच झाला नाही तर. नाव चुकलं, फाइल नाही, चालवण्याची परवानगी नाही. अशा वेळी क्यूटीत ‘फिनिश्ड’ सिग्नल येतच नाही, फक्त ‘एरर-ऑकर्ड’ येतो. ज्याने फक्त ‘फिनिश्ड’ जोडलाय, त्याच्या विंडोत ‘कृपया थांबा’ची चकरी कायमची फिरते. प्रोसेस यादीत नाही आणि ॲप थांबलंय, या प्रकरणात हे कारण फार वेळा निघतं. डॉटनेटमध्ये ‘एक्झिटेड’ इव्हेंट येत नसेल तर एनेबल-रेझिंग-इव्हेंट्स चालू केलंय का ते बघा. मूळ स्थितीत ते बंद असतं.

पाइप तुंबला

ज्या तक्रारी परत परत येतात, त्यातल्या बऱ्याचशा इथे येऊन थांबतात.

चाइल्डचं आउटपुट तुम्ही पाइपमधून घेता तेव्हा मध्ये कर्नलचा, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याचा, एक बफर (तात्पुरती साठवण) असतो. लिनक्सवर २.६.११ या कर्नलपासून त्याचा मूळ आकार ६५,५३६ बाइट आहे, त्याआधी तो एका पानाएवढा, म्हणजे ४,०९६ बाइट होता. मॅकओएस १६ किलोबाइटांपासून सुरू करून गरज पडली तर ६४ पर्यंत नेतं. बफर भरला आणि पलीकडून कोणी वाचलं नाही, की चाइल्डचा ‘राइट’ तिथेच थांबतो. एरर नाही, सूचना नाही. ती प्रोसेस शांतपणे झोपते. आणि तुमचं कोड म्हणतंय, ‘ती संपली की मग तिचं आउटपुट वाचीन.’ ती म्हणतेय, ‘वाचलंस की मग संपवीन.’ दोघंही नियमाप्रमाणे वागताहेत आणि दोघंही कायमचे अडकलेत.

आता मोठ्या फाइलीचं कोडं सुटतं. लहान फाइलला एफएफएमपेग चार-पाच किलोबाइट बडबड करतो आणि संपतो. तासाभराच्या व्हिडिओला प्रगतीच्या ओळी साठत साठत चौसष्ट किलोबाइट ओलांडतात आणि काम मध्येच कुठेतरी थांबतं. ते टेस्टमध्ये सापडत नाही, कारण टेस्टची फाइल दहा सेकंदांची असते. वेगळ्या थ्रेडमध्ये टाकूनही हे जात नाही. आता मुख्य थ्रेडऐवजी तो थ्रेड अडकतो, विंडो मात्र हसतमुख राहते, म्हणून शोधणं उलट अवघड होतं.

खात्री करायची असेल तर दोन ओळींचा पायथन प्रोग्रॅम लिहा, जो स्टँडर्ड एररवर एकाच फटक्यात ६५,५३६ बाइट लिहून संपतो. तुमच्या ॲपमधून, एरर पाइपला जोडून पण न वाचता, तो चालवा. लिनक्सवर तो संपेल. आता आकडा ६५,५३७ करा. तो संपणार नाही. एका बाइटचा फरक.

सगळ्यात जास्त फसवणूक एररच्या पाइपने होते. आउटपुट आपण निष्ठेने वाचत असतो, एररसाठीही पाइप मागितलेला असतो ‘लागला तर असू दे’ म्हणून, आणि तो कधीच वाचला जात नाही. एफएफएमपेग तर आपली सगळी बडबड एररवरच करतो. दुसरा नमुना: आधी आउटपुट शेवटपर्यंत वाचायचं, मग एरर शेवटपर्यंत वाचायचा. वाचायला तर दोन्ही वाचतोय, पण आउटपुट संपायची वाट बघत असताना एररचा पाइप भरला की तेच होणार. पायथन आणि डॉटनेट दोघांच्या अधिकृत माहितीत याबद्दल ठळक इशारा आहे.

उपाय परिस्थितीवर आहेत. आउटपुट नकोच असेल तर पाइप मागू नका. डेव्हनलला, म्हणजे आलेलं सगळं टाकून देणाऱ्या जागेला, जोडा, जावा ९ पासून रिडायरेक्ट-डिस्कार्ड आहे. फक्त लॉग म्हणून हवं असेल तर थेट फाइलला जोडा. फाइल तुंबत नाही, आणि ॲप कोसळलं तरी लॉग हातात राहतो. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात आवडतो, आणि लोक तो सगळ्यात कमी वापरतात. दोन्ही धारा एकच चालणार असतील तर एरर आउटपुटमध्ये मिसळा: क्यूटीत मर्ज्ड-चॅनल्स, जावात रिडायरेक्ट-एरर-स्ट्रीम. पण आउटपुटवर जेसन किंवा इमेजचे बाइट येत असतील तर मिसळू नका, एक इशारा मध्ये आला की सगळा डेटा बाद. तिथे दोन्ही एकाच वेळी वाचायला हवेत: पायथनमध्ये कम्युनिकेट, डॉटनेटमध्ये बिगिन-आउटपुट-रीड-लाइन आणि त्याची एररची जोडी.

क्यूप्रोसेस या भानगडीतून बराचसा वाचवतो. इव्हेंट लूप चालू असेल तर तो आपणहून दोन्ही पाइप उपसून स्वतःच्या मेमरीत ठेवतो. तुम्ही ते कधीच वाचलं नाही तर पाइप तुंबण्याऐवजी ॲपची मेमरी वाढत जाते. कम्युनिकेटही सगळं मेमरीतच धरतं, त्यामुळे काही गिगाबाइट आउटपुट देणाऱ्या कमांडसाठी ते नको. नोडचं एक्झेक वेगळ्या टोकाला जातं: १ मेबीबाइटची मर्यादा ओलांडली की ते चाइल्डलाच मारून टाकतं. मोठ्या आउटपुटला तिथे स्पॉनच.

ती प्रश्न विचारतेय

एसट्रेसमध्ये ‘रीड’ आणि ० दिसलं, तर प्रोग्रॅम माणसाकडून उत्तर मागतोय आणि तो प्रश्न कोणाला दिसतच नाही. ‘फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?’ हा एफएफएमपेगचा नेहमीचा प्रश्न. म्हणून ‘पहिल्यांदा चालतं, दुसऱ्यांदा हँग होतं’ अशी तक्रार आली की आउटपुटच्या जागी जुनी फाइल आहे का ते बघा. वाय किंवा एन हा पर्याय देऊन उत्तर आधीच सांगून ठेवा. गिटला पासवर्ड विचारण्यापासून रोखायचं तर गिट-टर्मिनल-प्रॉम्प्ट हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ० करा, दूरच्या मशीनला जोडणाऱ्या एसएसएचला बॅच-मोड चालू करा.

इनपुटची गरज नसेल तर ते डेव्हनलला जोडणं ही चांगली सवय आहे. पण तेवढ्याने एसएसएच आणि सुडो गप्प बसत नाहीत. ते पासवर्ड स्टँडर्ड इनपुटवर नाही, थेट टर्मिनलवर मागतात. तुम्ही ॲप टर्मिनलवरून सुरू केलं असेल तर प्रश्न त्या टर्मिनलवर पडलेला सापडेल.

टक्केवारी हलत नाही

सगळं असिंक आहे, काही तुंबलेलं नाही, काम नीट संपतं, पण प्रोग्रेस बार शेवटपर्यंत ठप्प. टर्मिनलवर तीच कमांड ओळी छान टाकत असते. इथे दोष तुमच्या वाचण्यात नसतो. सी लायब्ररी टर्मिनलवर लिहिताना ओळ संपली की बफर रिकामा करते. पाइपवर लिहिताना मात्र पूर्ण बफर, साधारणपणे ४,०९६ बाइट, भरेपर्यंत थांबते. थोडं बोलणारा प्रोग्रॅम असेल तर शेवटी एकदमच सगळं येतं.

पायथनचा प्रोग्रॅम चालवत असाल तर यू हा पर्याय द्या किंवा पायथन-अनबफर्ड हे व्हेरिएबल लावा. ग्रेपला लाइन-बफर्डचा पर्याय आहे. सी मध्ये लिहिलेल्या इतर प्रोग्रॅमांसाठी लिनक्सवर एसटीडीबफ पुढे लावून बघता येतं, पण प्रोग्रॅमने आपली बफर पद्धत स्वतः ठरवली असेल किंवा तो स्टॅटिक लिंक केलेला असेल तर त्याचा उपयोग नाही. सगळं थकलं की खोटं टर्मिनल, म्हणजे पीटीवाय. ते चालतं, पण सोबत रंगांचे कोड आणि ‘पुढे जाऊ का’ असले प्रश्नही घेऊन येतं, कारण आता प्रोग्रॅमला वाटतं समोर माणूस आहे.

एफएफएमपेगची गंमत वेगळीच. तो प्रगतीची ओळ नवी ओळ न टाकता त्याच जागी पुन्हा लिहितो, फक्त कॅरेज रिटर्न देऊन. तुम्ही नव्या ओळीच्या खुणेवर तोडून वाचत असाल तर तुमच्या मते ओळ कधी पूर्णच होत नाही. पायथन मजकूर मोडमध्ये कॅरेज रिटर्नलाही ओळीचा शेवट मानतं, त्यामुळे तिथे चालतं आणि क्यूटीत तेच लिहिलं की चालत नाही. ही बडबड फोडत बसण्यापेक्षा एफएफएमपेगला ‘प्रोग्रेस’ पर्याय देऊन प्रगती आउटपुटच्या पाइपवर मागवा. तिथे ‘नाव बरोबर किंमत’ अशा सरळ ओळी येतात आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी ‘कंटिन्यू’ किंवा ‘एंड’ असतं.

आता आपल्याला विशेष छळणारी गोष्ट. फाइलचं नाव मराठीत असेल आणि लॉगमध्ये मधूनच एखाद्या अक्षराच्या जागी काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसत असेल, नेहमी नाही, कधीतरीच, तर फॉन्टला दोष देऊ नका. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं असतं. ‘कि’ म्हणजे क आणि वेलांटी मिळून ६. पाइपमधून येणारा तुकडा कुठेही तुटू शकतो, अक्षराच्या मध्येही. प्रत्येक तुकडा वेगळा डीकोड केला की तुटलेल्या अक्षराचे दोन्ही भाग बाद होतात. इंग्रजी अक्षरं एका बाइटाची असल्याने इंग्रजी नावांवर टेस्ट करणाऱ्याला हे कधी भेटतच नाही. बाइट साठवून पूर्ण ओळ झाल्यावर डीकोड करा, किंवा उरलेले बाइट लक्षात ठेवणारा टप्प्याटप्प्याचा डीकोडर वापरा. नाव नेहमीच बिघडलेलं येत असेल तर तो वेगळा रोग: विंडोजवर तो प्रोग्रॅम कन्सोलच्या कोडपेजमध्ये लिहितोय आणि तुम्ही यूटीएफ-८ समजून वाचताय.

आणखी एक, उलट्या बाजूचं. चाइल्ड सेकंदाला हजारो ओळी टाकत असेल आणि तुम्ही प्रत्येक ओळीला टेक्स्ट बॉक्समध्ये भर घालत असाल, तर असिंक असूनही विंडो गोठते. मुख्य थ्रेड आता कोणाची वाट बघत नाही, तो रंगवण्यातच बुडालाय. ओळी जमवा, १०० मिलिसेकंदांनी एकदाच टाका, आणि जुन्या ओळी छाटत चला.

‘रद्द करा’ दाबल्यावर

कमांड शेलमधून चालवली असेल तर तुमच्या हातात शेलचा क्रमांक असतो, खऱ्या प्रोग्रॅमचा नाही. मारलं तर शेल मरतो, नातवंड, म्हणजे शेलने सुरू केलेला खरा प्रोग्रॅम, चालूच राहतं. त्याच्याकडे पाइपचं लिहिणारं टोक वारशाने आलेलं असतं, त्यामुळे तुमच्या वाचणाऱ्या थ्रेडला ‘संपलं’ची खूण मिळत नाही आणि तो लटकून राहतो. ‘चाइल्ड यादीत नाही तरी ॲप थांबलंय’ याचं हे दुसरं मोठं कारण. नोडमध्ये याचंच प्रतिबिंब म्हणजे ‘एक्झिट’ आणि ‘क्लोज’ हे दोन वेगळे इव्हेंट. पहिला प्रोसेस संपल्यावर येतो, दुसरा तिचे पाइपही बंद झाल्यावर.

शक्य तिथे शेल मध्ये घालूच नका. प्रोग्रॅमचं नाव आणि आर्ग्युमेंट यादी म्हणून वेगवेगळी द्या, म्हणजे फाइलच्या नावातल्या मोकळ्या जागांचा प्रश्नही सुटतो. तरीही चाइल्डने आणखी प्रोसेस काढल्या तर पूर्ण कुटुंब एकत्र बांधावं लागतं. लिनक्स आणि मॅकवर तिला नव्या सेशनमध्ये सुरू करा (पायथनमध्ये स्टार्ट-न्यू-सेशन) आणि रद्द करताना पूर्ण ग्रुपला सिगटर्म, म्हणजे ‘आवरून बंद हो’ अशी विनंती, पाठवा. काही सेकंद टायमर लावून थांबा, तरी जिवंत असेल तर सिगकिल, ज्याला नाही म्हणता येत नाही. विंडोजवर ग्रुपच्या जागी जॉब ऑब्जेक्ट आहे. त्याला ‘बंद होताना सगळ्यांना मार’ ही खूण लावली की तुमचं ॲप कोसळलं तरी मागे काही उरत नाही.

क्यूटीचं ‘टर्मिनेट’ विंडोजवर प्रोसेसच्या विंडोंना बंद होण्याचा मेसेज पाठवतं. कन्सोल प्रोग्रॅमला विंडोच नसते, म्हणून तो ढिम्म हलत नाही. मग लोक सरळ ‘किल’ लावतात, आणि एमपी४ फाइल उघडत नाही अशी तक्रार येते. तिची अनुक्रमणिका मूळ पद्धतीत सगळ्यात शेवटी लिहिली जाते, आणि ती लिहायला प्रोग्रॅमला वेळच मिळालेला नसतो. एफएफएमपेगच्या बाबतीत सभ्य मार्ग आहे: त्याच्या इनपुटवर ‘क्यू’ हे इंग्रजी अक्षर लिहा, तो फाइल नीट बंद करून बाहेर पडतो. त्यासाठी अर्थात इनपुट डेव्हनलला न जोडता पाइपला जोडलेलं हवं, म्हणजे वर सांगितलेली चांगली सवय इथे मोडावी लागते.

मारल्यावरही लिनक्सच्या यादीत ती झेड अवस्थेत, ‘डिफंक्ट’ म्हणून दिसत असेल, तर ती मेलेलीच आहे. तुम्ही तिचा एक्झिट कोड उचललेला नाही एवढंच. वेट किंवा पोल बोलवा, नाव जाईल.

टर्मिनलवर चालतं, आयकॉनवरून नाही

हे गोठण्यासारखं दिसतं, पण असतं ‘सुरूच झालं नाही’. मॅकवर फाइंडरमधून उघडलेल्या ॲपला तुमच्या शेलमधला पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, मिळत नाही, अगदी मोजक्या सिस्टम फोल्डरांचाच मिळतो. प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या किंवा सेटिंगमध्ये विचारा. पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमचं ॲप बनवणारं साधन) बांधलेलं ॲप लिनक्सवर लायब्ररी शोधण्याचा पाथ बदलून ठेवतं, आणि तो वारशाने घेतलेला बाहेरचा प्रोग्रॅम तुमच्या पॅकेजमधली भलतीच लायब्ररी उचलून कोसळतो. जुनी किंमत ओरिग असं शेपूट लावलेल्या व्हेरिएबलमध्ये जपलेली असते, चाइल्ड सुरू करण्याआधी ती परत लावा. विंडोजवर काळी खिडकी क्षणभर चमकत असेल तर क्रिएट-नो-विंडो ही खूण द्या.

एक्झिट कोड लॉगमध्ये टाकत जा. शेलकडून आलेला १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, १३७ म्हणजे सिगकिल, १४३ म्हणजे सिगटर्म. पायथन थेट चालवलेल्या प्रोसेससाठी तेच वजा ९ आणि वजा १५ असं सांगतं. तुम्ही मारलं नसताना लिनक्सवर सिगकिल दिसला, तर मेमरी संपल्यावर कर्नलने बळी घेतलाय का ते कर्नलच्या लॉगमध्ये बघा.

दुरुस्ती तपासायला खरा प्रोग्रॅम वापरू नका, चार खोटे लिहून टेस्टमध्ये ठेवा. एक, जो एररवर दहा लाख बाइट ओतून संपतो. दुसरा, जो एक ओळ इनपुट मागून बसतो. तिसरा, जो सिगटर्म ऐकून न ऐकल्यासारखं करतो. चौथा, जो एक नातवंड सुरू करून स्वतः लगेच संपतो आणि नातवंडाला पाइप धरून तासभर झोपवतो. चौघांवरही चालू असताना ‘रद्द करा’ दाबा, मग ॲप सरळ बंद करा, आणि प्रोसेसची यादी उघडून मागे कोणी उरलंय का ते बघा.